कुत्र्याने मालकाला काय म्हणावं

माझ्याकडे नाताळ भाद्रपदात येतो. बेंगळुरूत, आमच्या बनशंकरीतल्या रस्त्यावर गणपतीचे मांडव अजून उतरलेले नसतात, समोर ढोल चाललेला असतो, आणि मी खिडकी लावून लॅपटॉपवर बर्फ बघत बसलेली असते. त्या बर्फातून एक सोनेरी कुत्रा धावत येत असतो. मी इंग्रजी सिनेमांचे मराठी संवाद लिहिते. सिनेमा परदेशात तयार होतो, पुण्यातल्या एका स्टुडिओत त्याच्यावर मराठी आवाज चढतात, आणि पडद्यावरच्या माणसांच्या तोंडात आपले शब्द बसवण्याचं मधलं काम माझं. नाताळच्या सुट्टीत लोकांनी घरी बसून बघायचे सिनेमे दिवाळीच्या आत हातावेगळे व्हावे लागतात. म्हणून आमचा बर्फ लवकर पडतो.

गेली काही वर्षं माझ्या वाट्याला कुत्र्यांचेच सिनेमे येतात, आणि तेही एकाच जातीचे, गोल्डन रिट्रीव्हरचे. का, ते मला कोणी सांगितलेलं नाही. पहिला एक बरा झाला असेल, मग ‘ते कुत्र्याचं त्या बेंगळुरूच्या ताईंना द्या’ असं कोणीतरी म्हटलं असेल आणि तेच पुढे चालू राहिलं असेल. आपल्याकडे कामं अशीच वाटली जातात. या सिनेमांची गोष्ट मी झोपेतही सांगू शकते. लहानसं गाव असतं, घरात कोणीतरी नुकतंच गेलेलं असतं किंवा नवराबायकोचं फाटलेलं असतं. कुत्रा हरवतो, त्याला शोधता शोधता माणसं एकमेकांशी नीट बोलायला लागतात, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी कुत्रा दारात हजर. मध्ये कुठेतरी तो केक पाडतो. केक पडला नाही असा सिनेमा अजून माझ्या हातून गेलेला नाही.

मला कुत्र्यांचं वेड नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यांचे केस गळतात, आणि ज्यांच्याकडे कुत्रा असतो त्या माणसांना दुसरा विषय नसतो. पण कुत्र्याचे संवाद लिहायला मला आवडतात, आणि त्याचं कारण अगदी धंद्याचं आहे. माणसाचं वाक्य त्याच्या ओठांच्या मापाने लिहावं लागतं. तो तिकडे ओठ मिटतो तेव्हा इकडे प, ब, म यातलं काहीतरी यावं लागतं, आणि या तीन अक्षरांसाठी मी किती चांगल्या वाक्यांचं वाटोळं केलंय ते माझं मला माहीत. कुत्रा मनात बोलतो. त्याचे ओठ हलत नाहीत, त्यामुळे त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. माझ्या सगळ्या सिनेमांत कुत्रेच सगळ्यात चांगलं मराठी बोलतात.

त्यात अडचण एकच. कुत्र्याने मालकाला काय म्हणावं? इंग्रजीतला कुत्रा खुशाल त्याला बाप म्हणतो. मराठीत मालक म्हणाला तर गडी वाटतो, नावाने हाक मारली तर आगाऊ वाटतो. आणि पुढे तू की तुम्ही? पहिल्या सिनेमात मी तुम्ही लिहिलं, तर तो कुत्रा शेपटी हलवणारा कारकून वाटायला लागला. बरीच भवति न भवति होऊन बाबा आणि तू यावर पुण्याशी तह झाला आणि तेव्हापासून माझे सगळे कुत्रे तसेच बोलत आले.

यंदा असा एक सिनेमा अर्धा झाला होता, तेव्हा अण्णा गेला.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घराणं शिवाजी महाराजांच्याही आधी इकडे आलेलं. मराठी घरात टिकली, पण तिच्यात कानडी इतकं मुरलंय की कुठला शब्द कुठला ते आम्हालाही सांगता येत नाही. थोरल्या भावाला आमच्यात दादा म्हणत नाहीत, अण्णा म्हणतात. मी म्हणायची म्हणून त्याची मुलगीही बाबा म्हणायचं सोडून अण्णाच म्हणायला लागली, मुलीसमोर वहिनीही त्याला अण्णा म्हणायला लागली, आणि ते के. आर. पुरमला राहायला गेल्यावर तिथला इस्त्रीवाला, दूधवाला, वरच्या मजल्यावरची तेलुगू बाई, सगळ्यांचाच तो अण्णा झाला. सकाळी दाढी करताना गेला. काही त्रास झाला नाही म्हणे. म्हणणाऱ्यांना ते कोणी सांगितलं, देव जाणे.

मला काही वाटलं नाही. हे मी कठोरपणाने म्हणत नाही, जसं होतं तसं सांगते. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की ओठ जाडजूड होतो, बोट लावलं तर आहे हे कळतं, पण आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं. बायका जवळ येऊन ‘रड गं, मोकळी हो’ म्हणायच्या. मी प्रयत्नही करून पाहिला. त्याचा फोटो घेऊन बसले. फोटोत त्याची कॉलर एका बाजूने दुमडली होती, आणि मी तीच बघत राहिले. मग कोणीतरी कॉफी आणून दिली आणि मी ती प्यायले. इकडे माझ्या गल्लीत मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक आले असते, आणि आलेल्यांना दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

तेरावं आटोपून घरी आले आणि लॅपटॉप उघडला. सिनेमा थांबवला होता तिथेच थांबलेला होता. बर्फात उभा असलेला कुत्रा, एक पाय वर. मी बटण दाबलं आणि तो चालायला लागला. त्या आठवड्यात मी एका म्हाताऱ्याचं रडणं लिहिलं. त्याची बायको गेलेली असते आणि तो तिचा स्वेटर हातात घेऊन रडतो. रडताना माणसाचे ओठ उघडे असतात, त्यामुळे तिथे आकारान्त शब्द चांगले बसतात. मी ते नीट मोजूनमापून लिहिलं आणि पुण्याहून निरोप आला की हा सीन फार उत्तम उतरलाय. मी आभार मानले.

अण्णाकडे खराखुरा गोल्डन होता, आणि त्याला कारण मीच. माझा कुत्र्याचा पहिला सिनेमा बघून त्याने फोन केला होता, ‘छान बोलतो गं तुझा कुत्रा!’ आणि थोड्याच दिवसांत तसलाच घेऊन आला. घरी आणलेला बोलत नाही याचं त्याला मनातून थोडं वाईट वाटलं असावं. बर्फातला प्राणी तो, के. आर. पुरमच्या घरात पंख्याखाली फरशीला पोट टेकून पडलेला असायचा. पण नाताळच्या सुट्टीत माझा नवा सिनेमा लागला की सगळे मिळून बघायला बसायचे, कुत्र्यासकट, आणि संपला की अण्णाचा फोन यायचा. ‘ह्या वेळी केक पाडायला जरा उशीर केला त्यानं.’ आमच्या सात पिढ्यांत कोणी ख्रिस्ती नाही, पण तेवढा सण आम्ही नेमाने पाळायचो.

दसरा झाल्यावर वहिनीचा फोन आला. ‘थोडे दिवस त्याला ठेवून घेतेस? मला होत नाही गं.’ होत नाही म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हा मी कशालाही हो म्हणत होते. भाची गाडीतून त्याला घेऊन आली. त्याची गादी, भांडं, पट्टा दिला, त्याच्या मानेत तोंड घालून थोडी रडली आणि गेली. मी दार लावलं. तो घरभर हिंडून सगळं हुंगून आला आणि फ्रिजच्या बाजूला जाऊन पडला.

तो जेवेना. पहिल्या दिवशी वाटलं, नवीन जागा आहे. दुसऱ्या दिवशी दहीभात केला, अंडं उकडून कुस्करलं, दुकानातून पाकिटातलं महागाचं खाणं आणलं. तो नुसता वास घ्यायचा, मग माझ्याकडे बघायचा आणि मान पुढच्या पायांवर ठेवायचा. पाणी तेवढं प्यायचा. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, जीभ पाहिली आणि सांगितलं की आजार काही नाही, दुःख करतोय, पण वय झालेलं आहे, फार ताणता येणार नाही. परवापर्यंत पोटात काही गेलं नाही तर सलाइनला आणा, आणि त्यानंतरचं मी सांगू शकत नाही, म्हणाले. ‘तुम्ही स्वल्प जवळ बसा, बोला त्याच्याशी,’ असंही म्हणाले. मी जवळ बसले. काय बोलायचं ते सुचेना. कुत्र्यांनी बोलायचं असतं तेच मला लिहिता येतं.

त्याचं वाईट वाटत होतं का? तेही नाही. एवढंच कळत होतं की अण्णाचा कुत्रा माझ्या घरात उपाशी मरतोय. तो मेला की वहिनीला ते मला सांगावं लागेल, आणि अण्णाचं म्हणून जे काही उठतं-बसतं असं शिल्लक होतं, ते माझ्या हातून गेलेलं असेल. हे मला नीट, कोरडेपणाने कळत होतं.

डॉक्टरांकडे नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याच्या मुलीचा फोन आला. माझं लिखाण तपासायचं काम तिच्याकडे असतं. पोरगी हुशार आहे आणि भीडभाड कशी ती नाही.

‘ताई, एक विचारू? कुत्रा मालकाला अण्णा का म्हणतोय?’

‘कुठे?’

‘दुसऱ्या अर्ध्या भागात सगळीकडे. आधी बाबा आहे, मग एकदम अण्णा.’

मी फाइल उघडून पाहिली. खरंच तसं होतं. तेरावं करून आल्यापासून मी जे लिहिलं होतं, त्यात एकही बाबा नव्हता. बर्फात अण्णा, चर्चच्या पायरीवर अण्णा, केक पडला तिथेही अण्णा. लिहिताना मला एकदाही जाणवलं नव्हतं.

‘तोही मराठीच शब्द आहे,’ मी म्हटलं.

‘हो ताई, पण तो गोरा म्हातारा, ती लाल टोपी, आणि अण्णा? इथे सगळे हसले. लोकांना वाटेल, हा आता डोसा टाकणार.’

‘डोसा टाकणाऱ्याने कुत्रा पाळू नये का?’

ती हसली. तिला काही माहीत नव्हतं, तेव्हा तिच्यावर चिडून उपयोग नव्हता, पण मी चिडले. चिडले असं म्हणते, म्हणजे चिडायची जागा आहे हे ओळखलं. ‘सरी,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘बरं म्हटलं. करते बाबा.’

शब्द बदलला की वाक्याची चाल बदलते, म्हणून मी सगळं पुन्हा मोठ्याने वाचते. तशी सवयच आहे, नाहीतर कागदावर बरं वाटणारं वाक्य स्टुडिओत तोंडघशी पाडतं. शेवटच्या प्रसंगात तो म्हातारा दवाखान्यातून घरी येतो. खिडकीत बसलेल्या कुत्र्याला बर्फातून गाडी येताना दिसते आणि तो मनात ओरडतो. मी वाचलं, ‘बाबा आला!’ बरं वाटलं. मग आधीचं कसं लागत होतं ते बघावं म्हणून तेही म्हटलं.

‘अण्णा आला!’

फ्रिजच्या बाजूने फरशीवर नखं वाजली. तो उठला होता. धडपडत दाराशी गेला आणि फटीला नाक लावून उभा राहिला, आणि त्याची शेपटी हलत होती. माझ्याकडे आल्यापासून मी ती हललेली पाहिली नव्हती. थोडा वेळ तसाच थांबला, मग वळला आणि सरळ स्वयंपाकघरात आपल्या भांड्यापाशी गेला. भांडं रिकामं होतं. सकाळचा भात मीच काढून टाकला होता. मी घाईघाईने कुकर उघडेपर्यंत तो परत जाऊन पडला होता, आणि पुढे केलेल्या भाताकडे त्याने पाहिलंही नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की अण्णा गेल्यापासून हा शब्द मी तोंडाने म्हटलाच नव्हता. वहिनीकडे भेटायला आलेल्यांशी बोलताना ‘तो’ म्हणत होते, बँकेत ‘माझे भाऊ’ म्हटलं होतं. अण्णा नुसता लिहीत होते.

मी वहिनीला फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

‘अगं, हे आल्याशिवाय तो भांड्याला तोंड लावायचा नाही,’ ती म्हणाली. ‘पिल्लू होता तेव्हापासून. संध्याकाळी स्कूटर वाजली की मी म्हणायची, अण्णा आला, ऊटा! मग दारापर्यंत जाऊन, ह्यांना बघून यायचा आणि मग जेवायचा. जेवणाला आम्ही त्याच्याशी कानडीतच ऊटा म्हणायचो.’

‘मग अण्णा गेल्यावर इतके दिवस तुझ्याकडे कसा जेवला?’

‘मी म्हणत होते ना.’

मी उघडा राहिलेला कुकर बंद केला.

‘रोज संध्याकाळी म्हणत होते. तो दारात जायचा, बघायचा, परत यायचा, जेवायचा. त्याला चाललं गं ते. मला नाही चाललं. एक दिवस म्हटलं आणि मीच गॅस बारीक केला, ह्यांचा चहा टाकायला. तेव्हा म्हटलं, हे साकु.’ साकु म्हणजे पुरे. ‘तुला आधी सांगायला हवं होतं. पण सांगू कसं? तू हे असं म्हण, असं तुला कोणत्या तोंडानं सांगू?’

मी तिला सांगितलं की काळजी करू नको, मी म्हणेन. मनापासूनच सांगितलं. माझा हिशोब सरळ होता. वहिनीला जमलं नाही, कारण तिला वाटत होतं. मला काही वाटत नव्हतं, तेव्हा हे काम माझ्यासारखीनेच करायचं. आयुष्यभर कुत्र्यांच्या तोंडी खोटं घालत आले, आता एक खोटं कुत्र्याला सांगायचं, एवढाच फरक. संध्याकाळी दिवा लावला, ताजा मऊ भात केला, दही घातलं, अंडं कुस्करलं, आणि भांडं त्याच्या जागेवर ठेवलं. तो फ्रिजला टेकून पडला होता. बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

‘अण्णा आला, ऊटा,’ मी म्हटलं.

त्याने एक डोळा उघडला आणि मिटला. त्याची चूक नव्हती. वाक्य सपाट आलं होतं. पुण्यात असं कोणी म्हटलं असतं तर मी स्वतः ते परत घ्यायला लावलं असतं. आमच्या घरात हे वाक्य असं नुसतं म्हणायचं नसतंच, ओरडायचं असतं. आम्ही बसवनगुडीत राहत होतो तेव्हा अण्णा शाळेतून येताना कोपऱ्यावर दिसला की मी आईला ऐकू जावं म्हणून ओरडायची, आणि ‘आला’तला शेवटचा आ लांबवत धावत सुटायची. तसं म्हणावं लागणार होतं. मी उठून दार सताड उघडलं, कारण तो बघणार, आणि बघायला काहीतरी हवं. मग पोटातून ओरडले.

‘अण्णा आलाऽ!’

तो उठला. माझ्या पायाला घासून बाहेर गेला आणि व्हरांड्यातल्या पायरीवर उभा राहिला. रस्त्यावर दिवे लागत होते. एक स्कूटर आली आणि पुढे निघून गेली. पलीकडच्या दुकानात कोणीतरी दुधाची पाकिटं मागत होतं. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, हवा हुंगली. मग जे काही बघायचं ते बघून झाल्यासारखा वळला, माझ्या बाजूने आत गेला, आणि मला भांडं फरशीवर सरकल्याचा आवाज आला. तो जेवत होता. चपचप, घाईघाईने, बरेच दिवस उपाशी असलेल्याने जेवावं तसा.

झालं होतं काम. आत जाऊन दार लावायचं तेवढं राहिलं होतं. पण मी पायरीवर आले होते आणि मान पुढे काढून कोपऱ्यापर्यंत बघत होते. अण्णा आला म्हटलं की बघायचंच असतं, मी कधी न बघता राहिले नव्हते. हाक मीच मारली होती, खोटी आहे हे मलाच माहीत होतं, आणि तरी मी थांबले होते. आणखी एक स्कूटर आली. तीही पुढे गेली. कोपऱ्यावरून दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या, एक रिक्षा आली, मग बराच वेळ कोणीच आलं नाही.

आधी आवाज कोणाचा ते मला कळलं नाही. मी खाली पायरीवर बसले होते आणि अण्णा, अण्णा म्हणून ओरडत होते, आणि ते थांबवता येत नव्हतं. समोरच्या घरातल्या बाई हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत आल्या. माझ्या खांद्याला धरून त्यांनी कानडीत विचारलं, काय झालं, काय झालं?

‘माझा अण्णा गेला,’ मी म्हटलं.

‘अय्यो. कधी?’

‘आत्ता,’ मी म्हटलं.